मृत्युलेख आणि निवाडा

सर्वपरिचित व्यक्ती निवर्तली की तिच्याविषयीची समाजाची पुढे कित्येक वर्षे टिकणारी समजूत पहिल्या दोन-तीन दिवसांतच घडते. त्या दिवसांत वृत्तपत्रांत जे छापून येते, शोकसभांत जे बोलले जाते आणि शासनाच्या शोकसंदेशांत ज्या गुणांचा उल्लेख होतो, तेच पुढे पाठ्यपुस्तकातल्या परिचयात, चौकाच्या नामफलकावर आणि पुण्यतिथीच्या भाषणांत उतरते. मराठीत हे लेखन विपुल होते आणि बहुतांशी मनापासून होते, यात शंका नाही. तरीही ते वाचून संपल्यावर दिवंगताने नेमके काय केले, कोणाशी वाद घातला, कुठे यश मिळवले आणि काय अर्धवट राहिले, हे वाचकाच्या हाती क्वचितच लागते. ‘कधीही भरून न येणारी पोकळी’, ‘एका युगाचा अंत’, ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’ हे शब्द गायिकेसाठी वापरले जातात, खगोलशास्त्रज्ञासाठी वापरले जातात आणि हमालांच्या पुढाऱ्यासाठीही वापरले जातात. जी स्तुती कोणालाही चालते ती कोणाचीच नसते, आणि म्हणून निव्वळ स्तुतीने केलेले स्मरण हे प्रत्यक्षात विस्मरणाचेच काम करते.

येथे दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. श्रद्धांजली ही शोकाची कृती आहे. ती आप्त, स्नेही, शिष्य आणि चाहते वाहतात, तिच्यात मोजमाप नसते आणि नसावेही. मृत्युलेख ही मात्र वेगळी गोष्ट आहे. एखाद्या सार्वजनिक आयुष्याचा समाजाच्या वतीने घेतलेला पहिला हिशेब म्हणजे मृत्युलेख. तो लिहिणाऱ्याचे दिवंगताशी नाते असो वा नसो, त्याचे उत्तरदायित्व वाचकाप्रती असते. आज मराठीत मृत्युलेख जवळजवळ संपूर्णपणे श्रद्धांजलीत विरघळून गेला आहे. ‘माझी त्यांची पहिली भेट’ या सुरुवातीने लिहिलेल्या आठवणी पानेच्या पाने व्यापतात, आणि त्या आठवणींत बहुधा लिहिणाराच मध्यभागी उभा असतो.

मराठीची परंपरा अशी नव्हती. गोपाळ गणेश आगरकर १७ जून १८९५ रोजी वारले तेव्हा बाळ गंगाधर टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. या दोघांनी न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत एकत्र काम केले होते, कोल्हापूर प्रकरणाच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र शिक्षा भोगली होती आणि पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर इतके दुरावले होते की आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. ज्या पुण्यात सनातन्यांनी आगरकरांच्या हयातीतच त्यांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा काढली होती, त्याच पुण्यात त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने त्यांच्यावर गंभीरपणे लिहावे, ही साधी घटना नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली गेले तेव्हाही टिळकांनी लिहिले. थंडावलेल्या महाराष्ट्रात चैतन्य आणण्यासाठी रानड्यांनी अहोरात्र केलेल्या खटपटीचे श्रेय त्यांनी हातचे राखून न ठेवता दिले. १९१५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले गेल्याचे कळताच टिळक सिंहगडावरून पुण्यास आले आणि स्मशानभूमीत बोलले. त्यांचे आणि या माणसांचे मतभेद वाचकांना तोंडपाठ होते, त्यामुळे त्यांच्या स्तुतीला वजन होते. विरोधकाने दिलेले श्रेय हे तपासून दिलेले श्रेय असते. अनुयायाच्या गौरवाला ती तपासणी लागत नाही आणि म्हणूनच इतिहासाला त्याचा उपयोग कमी होतो.

मृत्यूनंतर टीका करू नये या संकेताच्या समर्थनार्थ बहुधा रामायणाचा आधार घेतला जातो. रावणवधानंतर विभीषण भावाचे अंत्यसंस्कार करण्यास कचरतो तेव्हा राम त्याला सांगतो की वैर मरणाबरोबर संपले, आता याचे संस्कार कर. या प्रसंगाचा नीट विचार केला तर तो प्रचलित संकेताला आधार देत नाही. रामाने वैर संपले असे म्हटले; रावणाने केले ते योग्य होते किंवा त्याची चर्चा आता बंद व्हावी, असे तो म्हणत नाही. द्वेषाचा अंत आणि विवेकाचा अंत या दोन भिन्न गोष्टी आहेत. मृताला शिव्या देणे हे असभ्यपणाचे लक्षण आहेच, पण त्याच्या कृतींचे मूल्यमापन करणे ही शिवी नव्हे.

या प्रश्नाचा मराठी भूमीवर झालेला सर्वांत सखोल विचार मृत्युलेखात नव्हे तर एका जयंतीच्या व्याख्यानात आढळतो. रानड्यांच्या एकशेएकाव्या जन्मदिनी, १८ जानेवारी १९४३ रोजी, पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘रानडे, गांधी आणि जीना’ हे भाषण केले. गौरवाच्या सभेत गौरवमूर्ती मोठी होती की नाही हाच प्रश्न त्यांनी प्रथम उभा केला, थोरपणाच्या कसोट्या मांडल्या, त्या कसोट्यांवर रानड्यांना घासून पाहिले आणि मगच ते थोर असल्याचा निर्वाळा दिला. विभूतिपूजेचेही त्यांनी दोन प्रकार सांगितले: जे उदात्त आहे त्याविषयी आदर बाळगणे हा एक, आणि विभूतीच्या मागे आंधळेपणाने जाऊन स्वतःची बुद्धी गहाण टाकणे हा दुसरा; पहिल्यात गैर काही नाही आणि दुसरा समाजाला घातक आहे. रानड्यांच्या राजकारणाच्या उणिवांवर आक्षेप घेणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले, पण आक्षेप आहेत हे लपवले नाही. रानड्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी, त्यांच्याशी जातीने, पिढीने आणि राजकारणाने कोणतेही नाते नसलेल्या माणसाने केलेले हे स्मरण आजही वाचनीय आहे. त्याच दशकांत त्यांच्यावर झालेली शेकडो पुण्यतिथीची भाषणे कोणाच्याही स्मरणात नाहीत.

अलीकडच्या काळातील काही मृत्यू या कसोटीवर पाहिले म्हणजे स्तुतीचे नुकसान कसे होते हे स्पष्ट होते. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारल्या. दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा झाला, महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुट्टी दिली, शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले आणि लगेच तेथे स्मारक व्हावे की मैदान खेळासाठी मोकळे राहावे, असा वाद सुरू झाला. त्यांच्यावर लिहिल्या गेलेल्या मजकुरात ‘सरस्वती’, ‘दैवी स्वर’, ‘ईश्वरी देणगी’ या कल्पना सर्वत्र होत्या. आवाज दैवी मानला की त्यामागचे श्रम दिसेनासे होतात, आणि श्रमांबरोबर त्या श्रमांच्या मोबदल्यासाठी दिलेला लढाही दिसेनासा होतो. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ज्या गाण्याने त्यांचे नाव देशभर झाले, त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर आरंभी गायिकेचे नाव म्हणून चित्रपटातील पात्राचे, ‘कामिनी’चे, नाव छापले होते, गाणाऱ्याचे नाव छापण्याची गरज उद्योगाला वाटत नव्हती. पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पुरस्कार नाही म्हणून त्यांनी फिल्मफेअरच्या समारंभात गाण्यास नकार दिला आणि त्यानंतर, १९५९ पासून, तो पुरस्कार सुरू झाला. गाण्याच्या विक्रीतून गायकालाही स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, मिळावी या मागणीवरून मोहम्मद रफींशी त्यांचा मतभेद झाला आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणी गायली नाहीत. रफींचे म्हणणे असे की मेहनताना मिळाला की गायकाचा हक्क संपतो. लताबाईंचे म्हणणे असे की ध्वनिमुद्रिका जोवर विकली जाते तोवर कंठाचा वाटा उरतो. पुढे २०१२ च्या प्रताधिकार कायद्यातील दुरुस्तीने कलावंतांच्या हक्कांना जी मान्यता दिली, तिच्या दिशेने पाहता या वादात त्यांची बाजू काळाने उचलून धरली, असेच म्हणावे लागते.

हा लताबाईंच्या आयुष्यातला किरकोळ तपशील नव्हे. वडिलांच्या अकाली मृत्यूनंतर घर चालवण्यासाठी कामाला लागलेल्या मुलीने एका प्रचंड उद्योगाशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी केल्या, हा त्यांच्या कर्तृत्वाचा गाभाच आहे. त्यांच्या वर्चस्वामुळे इतर गायिकांना संधी मिळाली नाही, असा आक्षेपही दशकानुदशके घेतला गेला. त्यात तथ्य किती आणि मत्सर किती, हे तपासण्याची योग्य वेळ त्यांच्या मृत्यूनंतरचीच होती. देवतेवर असा आक्षेप घेता येत नाही, तसेच देवतेला असे श्रेयही देता येत नाही. मंदिरात बसवलेल्या मूर्तीला चरित्र नसते.

ज्ञानाच्या क्षेत्रातील व्यक्तींच्या बाबतीत हे नुकसान अधिक खोल जाते. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी वारले. त्यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यात आदर आणि प्रेम ओसंडून वाहत होते, आणि ते पूर्णपणे रास्त होते. केंब्रिज, रँग्लर, पद्मविभूषण, ‘आयुका’ ही खगोलविज्ञान संस्था, विज्ञानकथा, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अशी एक साखळी बहुतेक लेखांत होती आणि तिच्या शेवटी ‘महास्फोट सिद्धांताला आव्हान देणारे शास्त्रज्ञ’ असे एक वाक्य असे. ते आव्हान काय होते, त्याचे पुढे काय झाले, आणि वैज्ञानिक समुदायाने ते मानले की नाकारले, याविषयी मात्र बहुतेक ठिकाणी मौन होते.

वस्तुस्थिती अशी की हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी १९४८ साली स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावत असले तरी त्याची सरासरी घनता कायम राहते, कारण विरळ होणाऱ्या अवकाशात नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते आणि म्हणून विश्वाला आरंभ नाही, असा त्याचा आशय. हॉइल यांचे विद्यार्थी म्हणून नारळीकर या विचारात आले. १९६४ मध्ये गुरू-शिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. एखाद्या वस्तूचे जडत्व, म्हणजे गती बदलण्यास तिचा असलेला विरोध, हे उर्वरित संपूर्ण विश्वातील द्रव्यावर अवलंबून असते, या भौतिकशास्त्रज्ञ माख यांच्या कल्पनेला त्यात गणिती रूप देण्याचा प्रयत्न होता. लगेच पुढच्या वर्षी भारत सरकारने या सव्वीस वर्षांच्या तरुणाला पद्मभूषण दिले. त्याच १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर केला. हे प्रारण म्हणजे विश्वाच्या उष्ण आरंभाचा अवशेष, असा त्याचा अर्थ बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी लावला आणि स्थिर-स्थिती सिद्धांताचा पाठिंबा झपाट्याने ओसरला. नारळीकरांनी हार मानली नाही. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये स्थितिवत् विश्वाचे सुधारित प्रारूप मांडले, त्यात हे प्रारण अन्य मार्गाने कसे उत्पन्न होऊ शकेल हे दाखवण्याचा प्रयत्न केला, आणि अखेरपर्यंत ते महास्फोटाच्या सर्वमान्यतेवर प्रश्न विचारत राहिले. विश्वविज्ञानातील बहुमत त्यांच्या बाजूने गेले नाही.

यातले शेवटचे वाक्य मृत्युलेखात लिहिणे अनेकांना अनादराचे वाटते. प्रत्यक्षात ते वगळणे हाच अनादर आहे. विज्ञानात प्रतिष्ठित मताविरुद्ध उभे राहणे, त्यासाठी केवळ शंका न घेता गणिती पर्याय उभा करणे, पुरावा विरुद्ध गेला की आपले प्रारूप बदलून पुन्हा कसोटीला लावणे आणि हे सारे साठ वर्षे शांतपणे करत राहणे, हे मोठ्या दर्जाचे वैज्ञानिक कर्म आहे. निरीक्षणांना प्रश्न विचारणारा असा विरोधक नसता तर महास्फोटाच्या समर्थकांनाही आपले पुरावे इतके काटेकोर करावे लागले नसते. ‘भारतीय शास्त्रज्ञाने पाश्चात्त्यांचा सिद्धांत खोटा ठरवला’ अशी समजूत करून घेणारा वाचक नारळीकरांचा अभिमान बाळगतो, पण त्याने नारळीकरांना ओळखलेले नसते. आणि ज्या माणसाने आयुष्यभर छद्मविज्ञानाशी झगडा केला त्याच्या नावावर अशी चुकीची समजूत रूढ व्हावी, हे दुःखद आहे. अंतराळातून पृथ्वीवर सूक्ष्मजीव येत असावेत या कल्पनेच्या चाचणीसाठी त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून फुग्यांद्वारे स्थितांबरातील हवेचे नमुने घेण्यात आले आणि त्यांत जिवाणूंच्या नव्या प्रजाती सापडल्या, एकीला हॉइल यांचे नावही दिले गेले; पण त्या पृथ्वीबाहेरूनच आल्या हे त्यातून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी स्वतःच सांगितले होते. गौरवाच्या भरात हा ‘पण’ गळून पडतो, आणि विज्ञानात बहुधा ‘पण’च महत्त्वाचा असतो.

नारळीकरांची ज्योतिषविषयक चाचणी हे त्यांच्या पद्धतीचे उत्कृष्ट उदाहरण आहे आणि तिचे वर्णन प्रत्येक मृत्युलेखात सविस्तर यायला हवे होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने २००८ च्या सुमारास ही चाचणी झाली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका तयार केल्या गेल्या, त्या मिसळल्या गेल्या, आणि सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातील आहे तेवढेच सांगण्यास सुचवले गेले. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस ज्योतिषांचे सरासरी यश सुमारे ४६ टक्के निघाले. नुसत्या नाणेफेकीवर निर्णय घेतला तरी ५० टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर येतात, म्हणजे पत्रिकेने कोणतीही माहिती दिली नाही, हा त्याचा अर्थ. या चाचणीचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे: ज्योतिषाला शिवीगाळ नाही, श्रद्धेची टिंगल नाही, दावा करणाऱ्याला त्याच्याच क्षेत्रात संधी दिलेली आहे, आणि निकाल आकड्यात आहे. हीच वृत्ती त्यांच्या एका लहान सवयीत दिसे. स्वाक्षरी मागणाऱ्या शाळकरी मुलांना ते सांगत की पोस्टकार्डावर एखादा वैज्ञानिक प्रश्न लिहून पाठवा; उत्तर येई आणि उत्तराखाली स्वाक्षरी असे. ज्याला प्रश्न नाही त्याला स्वाक्षरी नाही. त्यांच्या स्मरणाची यापेक्षा चांगली रीत सुचवणे कठीण आहे.

त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर १७ जुलै २०२३ रोजी वारल्या. त्या गणितज्ञ होत्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले होते आणि गणित सोपे करून सांगणारे मराठी लेखन केले होते. तरीही अनेक बातम्यांच्या मथळ्यांत त्यांची ओळख पतीच्या नावानेच झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख म्हणून संख्यावाचनाची नवी पद्धत दुसरीच्या पुस्तकात आणल्यामुळे २०१९ मध्ये त्यांच्यावर विधिमंडळापासून घराघरांपर्यंत टीकेचा आणि थट्टेचा मारा झाला होता. त्या बदलामागे लहान मुलांना मराठी संख्या शिकताना येणारी अडचण होती, जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची. त्यांच्या मृत्यूनंतर या बदलाचे मूल्यमापन निवांतपणे करता आले असते. ते कोणी केले नाही. वाद जसा अर्धवट सुटला होता तसाच राहिला.

कवी ना. धों. महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले तेव्हाही ‘रानकवी’ या एका विशेषणात त्यांना बसवले गेले, आणि पळसखेड्याच्या कोरडवाहू जमिनीत त्यांनी पाणी अडवण्याचे जे काम केले, विधान परिषदेत शेतीविषयी जे मांडले, त्याचा उल्लेख एखाद्या वाक्यापुरता झाला.

हमालांचे पुढारी डॉ. बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी पुण्यात वारले. ‘ऋषितुल्य’, ‘तपस्वी’, ‘कष्टकऱ्यांचे कैवारी’ हे शब्द त्या दिवशी सर्व पक्षांच्या नेत्यांनी वापरले. त्यांत असेही होते ज्यांच्या धोरणांविरुद्ध बाबा आढाव रस्त्यावर उतरले होते. हमालांचे काम म्हणजे पाठीवर आणि डोक्यावर ओझे वाहण्याचे. मालकांच्या लेखी हमाल कोणाचाच नोकर नव्हता, कारण तो सकाळी एका गाळ्यावर आणि दुपारी दुसऱ्या गाळ्यावर पोती उचलत असे. आजारपण, अपघात, म्हातारपण यांची जबाबदारी घेणारा कोणी नव्हता. बाबा आढावांची पुण्यातील हमाल पंचायत आणि मुंबईतील माथाडी संघटना यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याची रचना देशात अपूर्व होती: कामगार, मालक आणि शासन यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ स्थापन करायचे, मालकांनी आणि कामगारांनी त्यात नोंदणी करायची, मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के रक्कम मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने मजुरीबरोबर भविष्यनिर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय मदत यांची व्यवस्था लावायची. ज्याला एक मालक नाही अशा श्रमिकालाही नोकराचे संरक्षण देता येते, हे या कायद्याने दाखवले. आज ॲपवरून जेवण पोहोचवणाऱ्या आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या तरुणांविषयी जो प्रश्न जगभर चर्चिला जातो, त्याचे एक उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांहून अधिक काळापूर्वी दिलेले आहे. बाबा आढावांच्या मृत्यूनंतर या उत्तराची चर्चा वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत व्हायला हवी होती. २०२३ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले आणि हमाल-माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, हे लक्षात घेतले तर शोकसंदेशांतील विशेषणे आणि शोकसंदेश देणाऱ्यांची भूमिका यांतील अंतर वाचकाला दाखवणे हे पत्रकारितेचे कर्तव्यच ठरते.

१९७२ च्या दुष्काळात त्यांनी सुरू केलेल्या ‘एक गाव एक पाणवठा’ या चळवळीचेही तसेच झाले. सार्वजनिक विहिरीवर दलितांना पाणी भरता येते की नाही याची गावोगाव जाऊन पाहणी करणे, ही चळवळीची पद्धत होती. त्यात घोषणेइतकेच नोंदवहीला महत्त्व होते. अशा चळवळीचे स्मरण म्हणजे त्या गावांची आज पुन्हा पाहणी करणे. तसे झाले तर ती श्रद्धांजलीही ठरेल आणि मूल्यमापनही.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की चितेची आग विझण्यापूर्वी मूल्यमापन करणे कुटुंबीयांच्या दुःखाला धक्का लावणारे आहे. दुःखाविषयीची ही काळजी योग्य आहे, पण तिचे क्षेत्र श्रद्धांजलीचे आहे. सार्वजनिक व्यक्तीच्या सार्वजनिक कामाविषयी संयमाने, पुराव्यानिशी लिहिणे म्हणजे तिच्या खासगी आयुष्याची चिरफाड करणे नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: महाराष्ट्रात जात, पक्ष आणि प्रदेश यांच्या अस्मिता दिवंगतांभोवती इतक्या तीव्र झाल्या आहेत की टीकेचे एक वाक्य लेखकाला महागात पडू शकते, आणि टीका करणारेही अनेकदा प्रतिस्पर्धी अस्मितेचे असतात. हे खरे आहे. परंतु स्तुती ही अस्मितेपासून मुक्त असते असे नाही. निवडक स्तुती हे तर अस्मितेचे सर्वांत सोयीचे हत्यार आहे. विचार गाळून चेहरा ठेवायचा, चळवळ गाळून पुतळा ठेवायचा, हे स्तुतीच्याच आवरणाखाली केले जाते. निवाड्याची परंपरा असेल तर असे अपहरण निदान कठीण होते.

स्मरण कृतीत उतरू शकते याचा एक दाखला महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा नाही. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी डॉ. नरेंद्र दाभोलकर सुमारे अठरा वर्षे करत होते. विधेयके येत होती, रखडत होती, मोडतोड होत होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली, आणि एका आठवड्याच्या आत राज्य शासनाने त्या विषयावर वटहुकूम काढला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. कायदा व्हावा म्हणून माणसाला मरावे लागले, हा त्या घटनेचा आशय आहे. हयातीत ज्याचे ऐकले नाही त्याला मृत्यूनंतर शब्दांचे हार घालण्यापेक्षा हे निश्चितच अधिक होते, पण त्यातून हेही दिसते की समाज आपल्या मोठ्या माणसांचे म्हणणे ती जिवंत असताना गांभीर्याने घेत नाही आणि म्हणूनच मृत्यूनंतर त्याला इतक्या अतिशयोक्तीची गरज भासते.

ब्रिटनमधील मोठी वृत्तपत्रे नामवंतांचे मृत्युलेख ते हयात असतानाच तयार ठेवतात, वेळोवेळी दुरुस्त करतात, आणि ते त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घेतात. मराठीत असे करणे अशुभ मानण्याचे कारण नाही, आणि खर्चाचा प्रश्नही मोठा नाही. वृत्तपत्रांनी, विद्यापीठांच्या मराठी, इतिहास आणि विज्ञान विभागांनी, तसेच मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थांनी हे काम वाटून घ्यावे. ऐंशी ओलांडलेले संशोधक, कलावंत, कार्यकर्ते आज महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांच्या कामाची टिपणे, त्यांच्या मुलाखती आणि त्यांच्याशी मतभेद असलेल्यांच्याही मुलाखती आताच, ते स्वतः चुका दुरुस्त करून देऊ शकतात तोवरच, घेतल्या गेल्या पाहिजेत.